नेट आहे, पण लॅपटॉपला नाही: देवगड तालुक्यातल्या एका सेवा केंद्राचे प्रकरण

विंडोज 10 ला मिळणाऱ्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबल्या. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी नावनोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव मुदत ठेवलेली आहे, पण बहुतेकांनी ती वाट न धरता सरळ विंडोज 11 वर उडी घेतली. तेव्हापासून माझ्याकडे एक तक्रार सारखी येते आहे: अपग्रेड सुरळीत झाले, लॅपटॉप सुरू होतो, जुन्या फाइली जागच्या जागी आहेत, पण नेट गेले. त्यातले एक प्रकरण इथे सविस्तर लिहितो आहे. त्यात संशय घेतला जात होता एकावर आणि दोष होता भलत्याच ठिकाणी. शिवाय लॅपटॉप घरचा नव्हता, गावाच्या कामाचा होता.

पडेल कॅन्टीनवरून विजयदुर्गकडे जाताना लागणाऱ्या एका गावात हे आपले सरकार सेवा केंद्र आहे. चिऱ्याच्या जुन्या घराची पडवी, त्यात दोन टेबले, दोन लॅपटॉप, एक प्रिंटर आणि अंगठ्याचे मशीन. सातबारा, आठ अ, दाखले, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सगळे इथेच होते. प्रकरण नोव्हेंबरमधले, म्हणजे आंबिया बहाराच्या फळपीक विम्याचे अर्ज भरायचे दिवस. आंबा आणि काजूवाल्यांची मुदत महिनाअखेरीस संपते, आणि या पट्ट्यात ज्याच्याकडे कलमे नाहीत असे घर शोधावे लागेल. मुख्य लॅपटॉप बंद पडला की गावातल्या माणसाला एसटी पकडून देवगड गाठावे लागते.

तक्रार

केंद्र चालवणाऱ्या वहिनींचे फोनवरचे पहिलेच वाक्य असे होते: "मोबाइलार नेट चलता, लॅपटॉपार तेवढा लागणा नाय. फायबरवालो म्हणता लाइन बरी आसा."

दुरुस्ती करणाऱ्याला इतके उपयोगी वाक्य क्वचित ऐकायला मिळते. एकाच वायफायवर मोबाइल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, म्हणजे खांबावरून आलेली फायबरची तार, भिंतीवरचा डबा आणि त्यापलीकडची कंपनी या सगळ्यांची सुटका झाली. फक्त एक खात्री करून घ्यावी लागते. वायफायवर नेट नसेल तर मोबाइल गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि माणसाला वाटते वायफाय चालू आहे. म्हणून त्यांना मोबाइलचा डेटा बंद करून, लॅपटॉपच्या शेजारीच उभे राहून एखादे पान उघडायला सांगितले. उघडले. म्हणजे वाक्य खरे होते.

त्यांच्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर पडद्याचे दोन फोटो पाठवले. एकात खालच्या कोपऱ्यात वायफायच्या जागी पृथ्वीचा गोल आणि "इंटरनेट नाही" ही सूचना. दुसऱ्यात ब्राउझरचे पांढरे पान, त्यावर प्रॉक्सी सर्व्हरशी (ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधल्या मध्यस्थाशी) संपर्क होत नसल्याचा निरोप. या दुसऱ्या फोटोकडे त्या घरात कोणी लक्ष दिले नव्हते. पान उघडत नाही एवढेच सगळ्यांनी पाहिले, का उघडत नाही ते त्याच पानावर लिहिले होते.

कोपऱ्यातला गोल नेमके काय सांगतो हे बऱ्याच जणांना माहीत नसते. विंडोज स्वतःच अधूनमधून मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक छोटी मजकुराची फाइल मागवून बघते. तिच्यात "मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट" एवढेच शब्द असतात. ती मिळाली तर इंटरनेट आहे, नाही मिळाली तर गोल. अडले आहे एवढे त्यातून कळते. तार, वायफाय कार्ड, पत्ता, नाव शोधणे की ब्राउझर, यातले कुठे अडले ते कळत नाही. त्यामुळे गोल दिसला की राउटरचे बटण दाबत बसण्यात अर्थ नाही.

तोवर झालेले उपाय

मी पोचेपर्यंत घरच्यांनी बरेच करून पाहिले होते. राउटर बंद-चालू केला. वायफायचा पासवर्ड बदलला, त्यामुळे घरातले बाकीचे मोबाइलही काही काळ तुटले. फायबर कंपनीत तक्रार नोंदवली, त्यांचा माणूस येऊन लाइन तपासून गेला. कोणीतरी सांगितले की विंडोज 11 ला वायफाय कार्ड चालत नाही, नवीन डोंगल (यूएसबीला लावायचे वायफाय कार्ड) घ्या. आणि एका दुकानातून फोनवरच सल्ला मिळाला की लॅपटॉप आणून टाका, फॉरमॅट मारून देतो.

या फॉरमॅटविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. घरातल्या लॅपटॉपला फॉरमॅट मारला तर चार फोटो इकडचे तिकडे होतील. सेवा केंद्राच्या लॅपटॉपवर अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (मशीन आणि पोर्टल यांना जोडणारा प्रोग्राम) असते, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (यंत्राची विंडोजशी गाठ घालून देणारा प्रोग्राम) असतो, प्रिंटर आणि स्कॅनरची जुळणी असते, पोर्टलांची लॉगिन असतात. हे सगळे परत उभे करायला मुदतीच्या दिवसांत वेळ कुठून आणायचा? त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या डिस्कवर गावातल्या माणसांच्या आधारच्या प्रती आणि पासबुकांचे फोटो असतात. तो लॅपटॉप एखाद्या दुकानाच्या कपाटात आठवडाभर पडून राहावा हे मला मान्य नाही. बिघाड कळल्यावर फॉरमॅटच करावा लागला तर गोष्ट वेगळी, पण बिघाड न बघता फॉरमॅट मारणे म्हणजे लोकांच्या कागदपत्रांशी खेळ आहे.

पुतण्याने मात्र कामे नीट केली होती. कणकवलीला कॉलेजात शिकतो. अपग्रेडआधी सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्या होत्या, लॅपटॉप विंडोज 11 च्या अटींत बसतो का तेही पाहिले होते: टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आहे, सिक्युअर बूट आहे, प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा आहे. आणि अपग्रेडनंतर त्याने डिस्क क्लीनअप चालवले नव्हते. हे महत्त्वाचे होते. विंडोज 11 वर गेल्यावर जुनी विंडोज दहा दिवस एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि तेवढ्या मुदतीत मागे फिरता येते. तो फोल्डर साफ केला की परतीचा रस्ता बंद. इथे मुदतीचे थोडेच दिवस उरले होते, म्हणून आधी ठरवले की शोध लागला नाही तर मुदतीच्या आत मागे फिरायचे. परतीची वाट मोकळी आहे हे माहीत असले की माणूस घाई करत नाही.

सेटिंगमध्ये "नेटवर्क रीसेट" नावाचे एक बटण असते. ते सगळी नेटवर्क ॲडॅप्टर (वायफाय कार्ड, लॅनची चिप असे नेटला जोडणारे भाग) विंडोजमधून काढून पुन्हा बसवते आणि जुळण्या मूळ पदावर आणते. ते शेवटी ठेवले. त्याने कदाचित पहिला अर्धा बिघाड गेलाही असता, पण काय गेले ते कळले नसते. आणि शेजारच्या टेबलावर दुसरा लॅपटॉप विंडोज 10 वरच होता, तोही अपग्रेड व्हायचा होता. कारण कळणे म्हणूनच गरजेचे होते.

तीन वाटा, एकच पत्ता

कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून पहिली आज्ञा दिली, आयपीकॉन्फिग, म्हणजे लॅपटॉपचे नेटवर्कवरचे पत्ते दाखवणारी. (या आज्ञा टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.) वायफायच्या नावाखाली पत्ता होता 169.254 ने सुरू होणारा, आणि डिफॉल्ट गेटवेपुढची, म्हणजे राउटरच्या पत्त्याची, जागा कोरी.

हे दोन आकडे ओळखीचे करून घ्यावेत असे मी प्रत्येकाला सांगतो. लॅपटॉप वायफायला जोडला की तो राउटरकडे पत्ता मागतो. चार निरोपांची देवघेव होते: कोणी आहे का, हा घे पत्ता, हाच मला हवा, दिला. याला डीएचसीपी म्हणतात. घरच्या राउटरने दिलेला पत्ता बहुधा 192.168 ने सुरू होतो. मागून मागून कोणीच उत्तर दिले नाही तर विंडोज स्वतःच 169.254 मधला एक पत्ता लावून घेते. म्हणजे हा पत्ता दिसला की समजावे, लॅपटॉप आणि राउटर यांच्यात निरोपच पोचत नाहीत. डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणे), ब्राउझर, पोर्टल यांचा विचार करण्याची वेळ अजून आलेलीच नाही. प्रॉक्सीचा तो निरोप मी वहीत टिपून ठेवला, पण पत्ता मिळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असे ठरवले.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डावर पिवळी खूण नव्हती. अपग्रेडने ड्रायव्हर मात्र नवा घातला होता, आणि अशा वेळी पहिला संशय ड्रायव्हरवरच येतो. तो बरोबरही असतो बऱ्याचदा. ड्रायव्हर मागे नेण्याची सोय तिथेच, गुणधर्मांच्या खिडकीत असते. पण ती वापरण्याआधी संशयाची परीक्षा घेता येत होती: वायफाय कार्ड पूर्ण बाजूला ठेवून दुसऱ्या वाटेने नेट द्यायचे.

दुसरी वाट म्हणजे मोबाइल आणि यूएसबी केबल. गावात रेंज धड एकाच कंपनीची, तीही पडवीत नाही, खळ्यात. लॅपटॉप उचलून खळ्यात नेला, सुपारी वाळत घातली होती तिच्या कडेला बाकावर ठेवला, मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचे नेट केबलमधून लॅपटॉपला देणे) चालू केले. यात वायफाय कार्ड नाही, राउटर नाही, फायबर नाही. फोन स्वतःच पत्ता वाटतो. विंडोजने नवे ॲडॅप्टर ओळखले, आणि पुन्हा आयपीकॉन्फिग केले तर तिथेही 169.254.

तिसरी वाट लॅन केबलची. पडवीतून माजघरापर्यंत एक जुनी केबल टाकलेली होती, पण वापरात नव्हती. तिचे टोक हातात घेतले तर प्लगमधल्या आठ पट्ट्यांपैकी तीन हिरव्या पडलेल्या. खाऱ्या वाऱ्याचा हा आमच्याकडचा नेहमीचा प्रताप. स्वस्तातल्या प्लगवर सोन्याचा मुलामा नावापुरता असतो, तो झिजला की खालच्या तांब्याला गंज चढतो, आणि बाहेरून लॅनचा दिवा लुकलुकत असला तरी निरोप मधेच गळतात. असल्या केबलवर चाचणी घेतली असती तर निकालावर विश्वास ठेवता आला नसता. टोक कापले, आतल्या तारा उघड्या करून पाहिल्या, त्या चकचकीत होत्या, नवा प्लग क्रिम्प केला. मग लॅपटॉपला लावली. लॅनचा दिवा लागला, पत्ता 169.254.

वायफाय कार्ड वेगळे, लॅनची चिप वेगळी, मोबाइल तर बाहेरचाच. तिघांचे ड्रायव्हर वेगळे, तिघांची तार वेगळी. तीन जण एकाच वेळी, एकाच पद्धतीने बिघडत नाहीत. म्हणजे दोष तिघांच्या सामायिक जागेत, ड्रायव्हरच्या वर आणि पत्ता मागणाऱ्या भागाच्या खाली कुठेतरी होता. माझ्या मते या प्रकरणातला कळीचा क्षण हाच. नवीन डोंगल घेतले असते तर त्यालाही 169.254 च मिळाला असता.

वहिनींच्या मनातला वायफाय कार्डाचा संशय तरी जाईना, आणि डोंगलचे पैसे द्यायची त्यांची तयारी झाली होती. म्हणून उबुंटू या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेन ड्राइव्हवरून तोच लॅपटॉप सुरू करून दाखवला. डिस्कला हात न लावता तो पेन ड्राइव्हवरूनच चालतो. वायफाय जोडले, पान उघडले. हार्डवेअर धडधाकट होते, दोष विंडोजच्या आत होता. (असे करण्याआधी डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली आहे का आणि तिची रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा आकडा) हाताशी आहे का हे पाहून घ्यावे.)

यादीतली परकी ओळ

विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून एनसीपीए डॉट सीपीएल असे लिहिले की नेटवर्क ॲडॅप्टरांची जुनी खिडकी उघडते. वायफायवर उजवे क्लिक करून गुणधर्म उघडले. तिथे एक यादी असते, प्रत्येक ओळीपुढे टिकची चौकट: क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, क्यूओएस पॅकेट शेड्युलर, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन 4, व्हर्जन 6 आणि आणखी काही. ही घरची माणसे. त्यांच्यामध्ये एक ओळ परकी होती: एका अँटिव्हायरसचे नाव आणि पुढे "एनडीआयएस फिल्टर". पुढे टिक लागलेली. लॅनच्या गुणधर्मांत तीच ओळ, आणि खळ्यात जोडलेल्या मोबाइलच्या ॲडॅप्टरवरही तीच.

तो अँटिव्हायरस लॅपटॉपवर नव्हताच. प्रोग्रामांच्या यादीत त्याचे नाव नाही, फोल्डर नाही. पुतण्याला विचारले तेव्हा उलगडा झाला. अँटिव्हायरसचे वर्षाचे पैसे संपले होते, म्हणून अपग्रेडच्या आधी त्याने तो काढून टाकला. काढण्याच्या शेवटी "आता रीस्टार्ट करा" अशी सूचना आली. अपग्रेड सुरू केला की लॅपटॉप तसाही रीस्टार्ट होणारच, असा विचार करून त्याने "नंतर" दाबले आणि लगेच विंडोज 11 चे सेटअप चालवले. त्याचा विचार चुकीचा वाटण्यासारखा नाही. कोणीही हेच केले असते.

पण अडचण नेमकी तिथे झाली. असे प्रोग्राम दोन भागांत असतात. एक भाग आपल्याला दिसतो, खिडकी, घड्याळाशेजारचे चिन्ह, सेटिंग. दुसरा भाग विंडोजच्या पोटात बसतो आणि प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटला थांबवून बघतो. त्याला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात. विंडोज चालू असताना हा पोटातला भाग वापरात असतो, म्हणून तो बहुधा पुढच्या रीस्टार्टला काढला जातो. इथे तो रीस्टार्ट झालाच नाही. सेटअपने जुन्या विंडोजमधल्या नेटवर्कच्या जुळण्या जशा होत्या तशा नव्या घरात नेल्या. फिल्टर आला, त्याला काय सोडायचे आणि काय अडवायचे ते सांगणारा मुख्य प्रोग्राम मागेच राहिला. नाकेदार नोकरी सोडून गेला, नाक्यावरचा बांबू आडवाच राहिला.

हे असे पहिल्यांदाच घडलेले नाही. 2015 मध्ये विंडोज 8.1 वरून 10 वर जाणाऱ्यांपैकी ज्यांच्या मशीनवर जुन्या व्हीपीएन प्रोग्रामचा (दूरच्या ऑफिसच्या नेटवर्कला जोडून देणाऱ्या) डीएनई नावाचा फिल्टर राहून गेला होता, त्यांचेही नेट असेच गेले होते, तारेचेही आणि वायफायचेही. मायक्रोसॉफ्टने तेव्हा दोन आज्ञांचा उपाय जाहीर केला होता, एक रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतली) नोंद पुसण्याची आणि दुसरी तो फिल्टर उतरवण्याची. नावे बदलतात, दुखणे तेच.

इथे एकच टिक काढली, फक्त वायफायच्या ॲडॅप्टरवर, आणि ओके केले. लॅन आणि मोबाइल मुद्दाम तसेच ठेवले. काही क्षणांत वायफायला 192.168 चा पत्ता मिळाला, गेटवेची जागा भरली. लॅनवर मात्र अजूनही 169.254. एका वेळी एकच बदल केला की कारण आपोआप सिद्ध होते, वेगळा पुरावा द्यावा लागत नाही.

टिक काढणे हा तात्पुरता इलाज. नवे ॲडॅप्टर लावले की फिल्टर पुन्हा त्यावर जाऊन बसणार, जसा तो मोबाइलच्या ॲडॅप्टरवर बसला होता. म्हणून त्या अँटिव्हायरसच्या कंपनीचे स्वतःचे सफाईचे साधन दुसऱ्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्हवर घेतले, चालवले आणि या वेळी रीस्टार्ट केला. मग नेटसीएफजी या आज्ञेने नेटवर्कच्या घटकांची पूर्ण यादी काढून पाहिली. परके नाव उरले नव्हते. सफाईचे साधन मिळत नसेल तर त्याच आज्ञेने घटक उतरवताही येतो, पण घटकाचे नाव अचूक माहीत हवे. अंदाजाने मायक्रोसॉफ्टचाच एखादा घटक उतरवला तर दुखणे वाढते. अँटिव्हायरस गेल्यावर विंडोजचे स्वतःचे संरक्षण चालू झाले आहे ना, तेही विंडोज सिक्युरिटीत पाहून घेतले. चालू होते.

पत्ता मिळाला, पान उघडेना

आता पायरीपायरीने वर. राउटरला पिंग केले, म्हणजे आहेस का अशी हाक मारली, उत्तर आले. गूगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला पिंग केले, उत्तर आले, म्हणजे गावाबाहेरचा रस्ता मोकळा. एनएसलुकअपने एका सरकारी संकेतस्थळाचे नाव विचारले, त्याचा आकड्यांतला पत्ता मिळाला, म्हणजे डीएनएस ठीक. ब्राउझर उघडला तर तेच पांढरे पान.

बाहेर बाकावर विम्याचे कागद घेऊन एक आजोबा सकाळपासून बसले होते. आत डोकावून म्हणाले, "माझा काम आज होतला मा?" वहिनींनी माझ्याकडे पाहिले. होईल म्हणालो, कारण एव्हाना वहीतल्या त्या टिपणाची पाळी आली होती.

पिंग चालते आणि ब्राउझर चालत नाही, अशा वेळी प्रॉक्सी बघावी. सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात प्रॉक्सी. हाताने घातलेली प्रॉक्सी चालू होती, पत्ता 127.0.0.1 आणि पुढे पोर्टचा (त्या पत्त्यावरच्या दाराचा) आकडा. 127.0.0.1 म्हणजे लॅपटॉप स्वतः. त्या अँटिव्हायरसचे वेब संरक्षण ब्राउझरची सगळी वाहतूक आधी लॅपटॉपमधल्याच आपल्या पोर्टवर घ्यायचे, तपासायचे आणि मग बाहेर सोडायचे. प्रोग्राम गेला, सूचना राहिली. ब्राउझर प्रत्येक पानासाठी त्या पोर्टकडे जात होता आणि तिथे ऐकायला कोणी नव्हते. पिंग या सूचनेला विचारतच नाही, म्हणून ते चालत होते. प्रॉक्सी बंद केली, पान उघडले.

म्हणजे पहिल्या दिवशीच्या फोटोतला निरोप खरा होता, पण अर्धा. कोणी तो वाचून आधी प्रॉक्सी बंद केली असती तर काहीच बदलले नसते, आणि "प्रॉक्सीचा काही संबंध नाही" असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता. दोन दोष एकावर एक बसलेले असतात तेव्हा खालचा आधी काढावा लागतो. पायऱ्या ओळीने चढण्याचा माझा आग्रह यासाठी आहे.

आजोबांचा सातबारा, पासबुक आणि कलमांचा जिओ टॅग असलेला फोटो पोर्टलवर चढला, अर्ज गेला.

अंगठ्याचे मशीन आणि प्रिंटर

अंगठ्याचे मशीन अजून "तयार नाही" दाखवत होते. त्याची आरडी सर्व्हिस लॅपटॉपमध्येच 127.0.0.1 वर, 11100 ते 11120 यांतल्या एखाद्या पोर्टवर उभी असते, पोर्टल तिला तिथे शोधते, आणि तिला स्वतःलाही नोंदणीसाठी इंटरनेट लागते. इतके दिवस नेट नसल्याने ती अडून बसली होती. सर्व्हिस पुन्हा सुरू केल्यावर मशीन नोंदले गेले. जाता जाता सांगतो, नेट दुरुस्त करताना घाईने फायरवॉलमध्ये स्थानिक पोर्ट बंद करणारे लोक पाहिले आहेत. सेवा केंद्रात त्याने हे मशीन बंद पडते.

प्रिंटरचे कारण किरकोळ निघाले. घरचे वायफाय विंडोजने "सार्वजनिक" म्हणून धरले होते, ते "खासगी" केले आणि प्रिंटर दिसू लागला.

दुसरा लॅपटॉप

दुसऱ्या टेबलावरच्या लॅपटॉपवर तोच अँटिव्हायरस होता, त्याचीही मुदत संपलेली. मुदतीचे दिवस उलटून गर्दी ओसरल्यावरच त्याला हात लावायचा असे वहिनींनी ठरवले, आणि मला ते पटले. चालणारे मशीन गर्दीच्या दिवसांत उघडू नये. पुतण्याने क्रम लिहून भिंतीवर लावला. आधी आयपीकॉन्फिगचा आणि ॲडॅप्टरच्या यादीचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे चांगल्या अवस्थेत काय दिसते ते हाताशी राहते. वायफायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायचा, कारण नेट गेल्यावर नेटचाच ड्रायव्हर उतरवता येत नाही. अँटिव्हायरस काढायचा, रीस्टार्ट करायचा, मग यादीत परकी ओळ उरली का आणि प्रॉक्सी बंद आहे का ते बघायचे. त्यानंतर अपग्रेड.

डिसेंबरमध्ये त्याने हे सगळे एकट्याने केले. रीस्टार्टनंतर यादीतून फिल्टर गेला होता, पण प्रॉक्सी याही लॅपटॉपवर 127.0.0.1 वरच चालू राहिलेली सापडली. ती विंडोज 10 वर असतानाच बंद केली. अपग्रेड झाल्यावर पहिल्या सुरुवातीलाच वायफायला 192.168 चा पत्ता मिळाला आणि पोर्टल उघडले. नवा प्लग लावलेली लॅन केबल आता कायम मुख्य लॅपटॉपला लावलेली असते, कारण पडवी आणि माजघर यांच्यामधल्या जाड चिरेबंदी भिंतीतून वायफाय तसेही कमी पोचते, आणि 5 गिगाहर्ट्झचे तर फारच कमी.